खैरनार मॅडम आणि एका कपाळाचा खटला

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला खैरनार मॅडम वर्गात आल्या, हातातली काळी पुरुषी छत्री टेबलावर आडवी टाकली आणि मुलींच्या बाकांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यापैकी चोरी कोणाकोणाला करायची आहे?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. पेपरचं नाव होतं 'गुन्हा आणि समाज'. पहिल्या तासाला व्याख्या उतरवून घ्यायच्या असतात एवढं आम्हाला ठाऊक, म्हणून वह्या उघडून बसलेलो. आणि ही बाई चोरीचं विचारते!

"कोणालाच नाही? बरं, समजा करायचीच आहे. कधी कराल? तू, सोनगीरची, ऊठ."

सोनगीरची म्हणजे मी. रोज एस्टीने धुळ्याला येणारी.

"घरून कशी येतेस?"

"सकाळच्या एस्टीने."

"आणि परत?"

"दुपारच्या. ती चुकली तर भाऊ स्टँडवर येऊन उभा राहतो."

"मैत्रिणीकडे जायचं असलं तर?"

"आई सोबत येते."

"दिवेलागणीनंतर एकटी बाहेर?"

मला हसूच आलं. मॅडम म्हणाल्या, "हसू नको. चोरी कधी करशील ते सांग."

मी म्हटलं, "मॅडम, वेळच नाही हो."

सगळा वर्ग फुटला. मुलं तर बाक बडवायला लागली. मॅडमनी त्यांना हसू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं. पुस्तकात हेच तीस पानं लांबवून सांगितलंय. बाई गुन्हे कमी करते ती देवी असते म्हणून नाही. तिला मोकळं सोडतंच कोण? आणि तुम्ही बाक बडवणारे, तुम्ही रात्री कुठं असता ते घरी कोणी विचारतं का?" बाक बडवणं थांबलं. त्या वर्षीचा बाकी कुठलाही धडा विसरले असेन, हा विसरले नाही.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरच्या सुरुवातीच्या वर्षांची. मॅडम मूळच्या चाळीसगावच्या, वडील रेल्वेत गार्ड. क्वार्टर रुळांना लागून, त्यामुळे घरात सगळ्यांनाच गाडीच्या आवाजावर बोलायची सवय, असं त्या सांगत. ती सवय त्यांनी धुळ्यात आणली. त्यांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर उठून खिडक्या लावून घेत. मॅडम खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. फुटाण्याची पुडी पर्समध्ये कायम, आणि ती पुडी फोडून समोर धरली म्हणजे राग गेला असं समजायचं. राग मात्र वारंवार यायचा. एखादी मुलगी रडायला लागली की त्यांना सहन होत नसे. "बाहेर जा. रडून झालं की ये," म्हणून सरळ दार दाखवत. फार तुसडी बाई, असं आम्ही म्हणायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

कपाळ मोकळं, गळा मोकळा, खळ केलेलं सुती पातळ. त्यामुळे अर्धं धुळं त्यांना विधवा समजायचं आणि उरलेलं अर्धं टाकलेली. दोन्ही खोटं. त्यांनी लग्नच केलं नव्हतं. कोणी बायकांनी फारच खोदून विचारलं, निदान टिकली तरी लावा म्हटलं, तर म्हणत, "का? टपालात टाकायचंय का मला, तिकीट लावून?"

त्यांचा एक खेळ होता. वर्तमानपत्र आणायचं, बातमी मोठ्याने वाचायची आणि बाईचा बाप्या करायचा. म्हणजे बातमी असायची, 'दोन लेकरांच्या आईने दागिने लांबवले.' ती आम्ही वाचायची, 'दोन लेकरांच्या बापाने दागिने लांबवले.' लगेच हसू फुटायचं. "का हसलात?" मॅडम विचारत. "चोरी तीच, दागिने तेच. बाप असल्याची बातमी होत नाही. आई असली की आधी आई म्हणून पकडतात, मग चोर म्हणून." एकदा आमच्यातला एकजण, पुढे पोलिसात गेला तो, उभा राहून म्हणाला, "पण मॅडम, कोर्ट बायकांवर दया करतं. सोडून देतं."

"करतं ना," मॅडम म्हणाल्या. "डोक्यावर पदर असेल, कडेवर पोर असेल, डोळ्यांत पाणी असेल तर जरूर करतं. म्हणजे दया बाईवर नाही, पदरावर. जिच्याकडे यातलं काहीच नाही, तिचं काय होतं ते बघून ये एकदा."

आम्ही ते वाक्य परीक्षेत उपयोगी पडेल म्हणून उतरवून घेतलं.

मी एम.ए.ला गेले तेव्हा मॅडमनी मला वेठीला धरलं. दर शनिवारी दुपारी त्या परवानगी काढून जेलात जात, बायकांना अक्षरं शिकवायला. "मला अहिराणी कळते सगळी," त्या म्हणाल्या, "पण बोलायला गेले की बायका तोंडाला पदर लावून हसतात. तू चल." म्हणून मी जायला लागले. बायकांची म्हणून एकच खोली होती, पुढे छोटं आवार, एक नळ आणि कडुनिंब. आत मोजक्या बायका. बहुतेक हातभट्टीच्या केसमधल्या. भट्टी नवऱ्याची, पण धाड पडली तेव्हा नवरा शेतातून पळाला आणि बाई चुलीपाशी सापडली. त्यांना कोणी भेटायला येत नसे. पुरुषांच्या बाजूला भेटीच्या दिवशी बायका-पोरांची ही रांग, डबे, पिशव्या. इकडे शुकशुकाट. मॅडम मला म्हणाल्या, "बघ. नवरा आत गेला की बायको डबा घेऊन येते. बायको आत गेली की नवरा दुसरी आणतो. हे तू लिही तुझ्या प्रबंधात."

त्या खोलीत सिंधू होती. वय बावीस-तेवीस, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. शिंदखेड्याच्या पलीकडच्या एका गावातली सून. आरोप नवऱ्याला विष घालून मारल्याचा. आणि कपाळावर हे एवढं मोठं लालभडक कुंकू.

जेलात बांगड्या काढून घेतात, काच असते म्हणून. कुंकवाबद्दल नियम नाही, पण कुंकू देतं कोण? सिंधू ते तयार करायची. स्वयंपाकातली चिमूटभर हळद मागून घ्यायची, भिंतीचा चुना नखाने खरवडायचा आणि दोन्ही पाण्यात कालवायचं. हळदीत चुना पडला की लाल होतं, हे खानदेशातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. रोज सकाळी आंघोळ झाली की नळाखालच्या पाण्यात बघून ती ते लावायची. भिंतीचा तिच्या उंचीचा पट्टा खरवडून खरवडून काळा पडला होता. पहाऱ्यावरची जमादारीण ओरडायची, पण तेवढंच.

हकीकत तिने तुटक तुटक सांगितली. नवरा दिवसभर कपाशीवर फवारणी करून आला होता. तोंडाला फडकं नाही, वारा समोरून. तशाच हाताने बिडी ओढली, गुत्त्यावर जाऊन प्यायला. घरी येऊन जेवताना भाजीवरून दोघांचं भांडण झालं, ते सगळ्या गल्लीने ऐकलं. थोड्या वेळाने त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत संपला. पोटात फवारणीचं औषध सापडलं. औषधाचा डबा घरात होता, तो कापूस पिकवणाऱ्या कुठल्या घरात नसतो? सासूने सांगितलं, हिनेच भाकरीबरोबर घातलं. मयत दवाखान्यातून घरी येण्याआधीच पोलिसांनी सिंधूला उचललं. त्यामुळे नवऱ्याचं तोंड तिने पाहिलंच नाही.

"मग हे?" मॅडमनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून विचारलं.

सिंधू म्हणाली, "माले कोन्ही दखाडं नही. कोन्ही पुसं नही. मी मना हाते पुसं, ते मीच मारं असं व्हई."

मी मॅडमना समजावून सांगितलं. आमच्याकडे नवरा गेला की बाई स्वतः कुंकू पुसत नाही. सासरच्या विधवा बायका येतात, तिला बसवतात, त्या पुसतात. सगळ्या मिळून रडतात. सिंधूच्या बाबतीत हे झालंच नाही. आणि तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं, की आपल्याच हाताने पुसलं तर ती कबुली होईल. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हिला सोडवायला पाहिजे गं. ही मूर्ख मुलगी खरं बोलतेय."

सरकारने सिंधूला भामरे वकील दिले होते. म्हातारे, खोकणारे, पण माणूस चांगला. पुरावा पातळ आहे, असं ते म्हणत. विष कशातून गेलं हे कोणी सांगू शकत नव्हतं. ताट, भाकरी काही तपासलेलं नव्हतं. मॅडम मला घेऊन प्रत्येक तारखेला कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. आणि सासूची साक्ष झाली त्या दिवशी सगळा खटलाच फिरला.

सासू साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली, विष घालताना कोणी पाहिलं या प्रश्नावर अडखळली, आणि मग एकदम सिंधूकडे हात करून किंचाळली, "दखा ना साहेब, तिनं कपाय दखा! मना पोऱ्या मरी गया, आनि हाई कुकू लाईसन उभी शे!"

जजसाहेबांनी मान वर करून सिंधूच्या कपाळाकडे पाहिलं. सरकारी वकिलांनी पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. त्या क्षणापासून विषाचा डबा, भाकरी, फवारणी सगळं मागे पडलं. उलटतपासणीत भामरे वकील काय विचारतात याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सिंधू सरळ उभी. पदर खांद्यावरच, डोळे कोरडे.

बाहेर व्हरांड्यात भामरे वकील कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला राग येईल. पण मी इथं जन्म घालवला. तिला म्हणावं, पुढच्या तारखेला कपाळ पुसून ये, डोक्यावरून पदर घे आणि मी सांगेन तेव्हा रड. मूल असतं कडेवर तर एवढं करायचीही गरज नव्हती. तेही नाही पोरीला."

"आणि पुरावा?"

"पुरावा नाही म्हणूनच तर कपाळ बघताहेत."

मॅडमना राग आला नाही. तेच मला नवल वाटलं. वर्गात हे वाक्य कोणी बोललं असतं तर छत्री उचलली असती त्यांनी. पुढच्या शनिवारी त्यांनी स्वतः सिंधूपुढे हा विषय काढला. सिंधूने मान हलवली. घरच्यांनी पुसलं तर पुसू देईन, नाहीतर फाशी झाली तरी नाही. अडून बसली.

मग मॅडमनी जे केलं ते त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही खोटं वाटेल. जन्मभर ज्या चालीरीतींवर वर्गात आसूड ओढले, तीच एक रीत पार पाडा म्हणून हात जोडायला त्या शिंदखेड्याच्या एस्टीत बसल्या. मी सोबत. भर दुपारी ते गाव गाठलं. सासू ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. मी अहिराणीत सगळं सांगितलं. दोघी बायका पाठवा, जेलात येऊन रीत करून जाऊ द्या, एवढंच म्हटलं. शेजारणी भराभर गोळा झाल्या.

सासू सूप थांबवून म्हणाली, "ती आमनी कोन्ही नही."

त्यामागचं कारण भामरे वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. घरच्या बायकांनी कुंकू पुसलं म्हणजे ती या घरची विधवा ठरली. विधवा ठरली की उद्या शेतात वाटा मागणार. खुनी राहिली तर कशाचा वाटा? पण सासूच्या तोंडाकडे बघताना मला हे सगळं खरंही वाटेना. पोरगा गेला होता तिचा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सुपात डाळ कमी, नुसती हातांची हालचाल चाललेली. मॅडमनी जोडलेले हात सोडले नाहीत. म्हणाल्या, "आजी, पोरगी फासावर जाईल हो." हे त्यांनी त्यांच्या मोडक्या अहिराणीत म्हटलं, आणि पहिल्यांदाच त्या अहिराणीला कोणी हसलं नाही.

सासूने मॅडमकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मोकळं कपाळ, मोकळा गळा. आणि म्हणाली, "तूबी बिगर कुकूनीच शे ना माय? मंग तूच पुसी टाक." तिने सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली.

परतीच्या एस्टीत मॅडमनी दोघींची तिकिटं काढली. मी म्हटलं, "मॅडम, तिला वाटलं तुम्ही..." तर म्हणाल्या, "कळलं मला. गप्प बस."

पुढच्या शनिवारी झालेलं सगळं मॅडमनी मला सिंधूपुढे जसंच्या तसं सांगायला लावलं. खोटं सांगून काम भागलं असतं, घरच्यांनी निरोप दिलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. सासू काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांग, म्हणाल्या. मी सांगितलं. सिंधू खाली बघून ऐकत राहिली. मग तिने विचारलं, सासू खरंच असं म्हणाली का, तूच पुसी टाक म्हणून? मी हो म्हटलं.

"मंग तिनीच सांगं ना," सिंधू म्हणाली. "घरनी मोठी बाई शे ती. तुमी पुसा, बाई."

मला आधी उलगडेना. सासूने तोंडावर मारलेला टोमणा या पोरीने सासरची परवानगी म्हणून पदरात घेतला होता. घरच्या मोठ्या बाईने एका बाईला पुसायला सांगितलं, ती बाई आली, म्हणजे रीत झाली. मॅडम तिला दुरुस्त करतील असं मला वाटलं. मी विधवा नाही, ती म्हातारी मला टाकून बोलली, असं काहीतरी. मॅडमनी काहीच दुरुस्त केलं नाही. नळापाशी जाऊन पदराचं टोक भिजवून आणलं, सिंधूला कडुनिंबाखाली बसवलं आणि तिच्या कपाळावरून तो ओला पदर फिरवला. हळद-चुन्याचा रंग लवकर जात नाही. त्यांना बरेचदा घासावं लागलं.

आणि सिंधू रडली. काय रडली म्हणून सांगू! आमच्याकडे मयताला बायका जशा गळा काढून, नाव घेऊन, गुण आठवून आठवून रडतात तशी. त्याचे बैल, त्याचा शर्ट, लग्नात त्याने आणलेली पेढ्याची पुडी, भाजीवरून झालेलं भांडण, सगळं त्या रडण्यात आलं. का खाल्लं नाहीस रे नीट, म्हणून तिने जमिनीवर हात आपटले. हातभट्टीवाल्या बायका धावत आल्या, तिला धरून बसल्या, त्याही रडायला लागल्या. जमादारणीने डोळे पुसले. दीड वर्ष साठलेलं ते सगळं त्या आवारात सांडलं. मॅडम, ज्यांना वर्गात रडलेलं चालत नसे, त्या लाल डागाचा पदर हातात धरून मधोमध उभ्या होत्या. कोणाला बाहेर जा म्हणाल्या नाहीत.

सोमवारी युक्तिवाद होता. आम्ही लवकर गेलो. त्याच कोर्टात आधी दुसऱ्या एका खटल्याचा निकाल लागला. एका माणसाने जेवण उशिरा दिलं म्हणून बायकोच्या डोक्यात लाकूड घातलं होतं, ती मेली. तो जामिनावर होता. मधल्या काळात त्याने दुसरं लग्न केलं होतं, अगदी नुकतंच. नखांच्या कडेला हळद तशीच. त्याच्या वकिलाने उभं राहून तेच पुढे केलं. साहेब, घरी लहान मुलं आहेत, त्यांना बघायला कोणीतरी हवं म्हणून बिचाऱ्याने पुन्हा संसार मांडला, आता शिक्षा झाली तर दोन संसार बुडतील. जजसाहेबांनी रागाच्या भरात हातून घडलं असं धरून थोडक्यात आटोपलं. थोडी वर्षं, त्यातून जेलात काढलेले दिवस वजा. त्याची नवी बायको डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी होती.

मॅडम व्हरांड्यात गेल्या आणि मला म्हणाल्या, "याच्या हाताला हळद चालते. हिच्या कपाळाला चालत नाही. याला कोणी विचारलं का, पहिली मेली तेव्हा रडलास का?" बोलल्या मला, पण आवाज त्यांचा. आत जज थांबले. शिपाई बाहेर येऊन सांगून गेला, बाई, हळू बोला.

मग सिंधूला आणलं. पुसलेलं कपाळ, डोक्यावर पदर. भामरे वकिलांनी मान डोलावली. आता फक्त रडायचं तेवढं राहिलं होतं. पण ती रडेना. डोळे सुजून बारीक झालेले, पण त्यात थेंब नाही. रडून संपलं होतं तिचं. जेलातल्या चार बायकांपुढे, आमच्यापुढे सगळं देऊन झालं होतं. भामरे खोकून खोकून इशारे करत होते आणि ती शांतपणे भिंतीकडे बघत होती.

सरकारी वकील उठले. तरुण होते, हुशार होते. त्यांनी पुरावा फारसा उगाळला नाही. सिंधूकडे बोट करून एवढंच म्हणाले, "साहेब, नवरा गेल्याच्या गेल्या कापसाला मेला. मागच्या तारखेपर्यंत आरोपीच्या कपाळावर कुंकू होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आज नाही. आपला नवरा मेला हे आरोपीला या आठवड्यात कळलं काय?"

लोक हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले होते आणि हातांकडेच बघत होत्या.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. जन्मठेप. निकालात पुराव्याच्या साखळीबद्दल लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं की आरोपीचं वर्तन पती गमावलेल्या स्त्रीचं नाही. पतीच्या मृत्यूनंतर तिने सौभाग्यचिन्ह मिरवलं आणि खटला संपत आल्यावर ते उतरवलं, यावरून तिचा कावेबाज स्वभाव दिसतो. भामरे वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मॅडमनी परत एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, "उतरवलं मी. तिने नाही." भामरे म्हणाले, "मॅडम, पुसलं नसतं तरी हेच झालं असतं." ते खरं असेल. पण मॅडमना ते पटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यांनी ही गोष्ट सांगितली, हे मला तिथल्या मुलींकडून कळलं. म्हणे नेहमीसारखा आवाज नव्हता. मागच्या बाकावरच्यांना ऐकू येईना. इतिहासाच्या सरांना खिडक्या लावाव्या लागल्या नाहीत. वरच्या कोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. सिंधूला पुण्याच्या जेलात हलवलं. तिच्या माहेरचं कोणी पुढे आलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं.

मी जळगावला नोकरीला लागले, तिथल्या कॉलेजात तोच पेपर शिकवायला लागले. मॅडम निवृत्त होऊन चाळीसगावला परत गेल्या. मधली बरीच वर्षं पत्रांवर निघाली, मग पत्रंही थांबली. नव्वद सालानंतर केव्हातरी, एका लग्नाला म्हणून चाळीसगावला गेले होते, परत यायला स्टेशनवर आले तर समोरच्या बाकावर मॅडम. नेहमी उभी राहणारी बाई बसलेली. केस पांढरेशुभ्र, मांडीवर कापडी पिशवी. पुण्याच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होत्या.

"भेटायला चाललात?" मी विचारलं.

"हो. नात्याचं कोणी लागतं भेटायला. मी मावशी म्हणून नाव लावलंय." पिशवीत केळी, साबण, पातळ. माझी चौकशी केली, विद्यार्थी कसे आहेत ते विचारलं. फुटाण्याची पुडी काढून समोर धरली. मग एकाएकी म्हणाल्या, "तुला माहितीये, ती दर वेळी एकच विचारते."

"काय?"

"तुमी पुसं, बाई, तवाच मीच मारं असं झालं का? मी म्हणते, नाही गं. तू मारलं नाहीस, मला ठाऊक आहे. मग ती विचारते, मंग माले कसानी शिक्षा शे?"

गाडीची घंटा झाली. लोक उठले. मॅडमही उठल्या, पिशवी खांद्याला लावली. मी विचारलं, "तुम्ही काय सांगता तिला?"

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "सगळं येतं मला. बाईवर दोन खटले चालतात, एक गुन्ह्याचा आणि एक बाईपणाचा, हे वर्गात इतकी वर्षं सांगितलं. तिला एकदा सांगूनही पाहिलं, अगदी सोपं करून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे तुमाले आधीपाईन माहीत व्हतं? मंग पुसं कसाले?"

गाडी आली. बायकांचा डबा पुढे लागला, त्यासाठी त्यांना बरंच चालावं लागलं. मी पिशवी घेऊ का म्हटलं तर नको म्हणाल्या. गर्दीतून वाट काढत, वाकून, एका हाताने दांडा धरून त्या वर चढल्या. दारातल्या कोणा बाईने त्यांना आत ओढून घेतलं. गाडी हलली तेव्हा मी खिडक्या बघत राहिले, पण त्यांना बसायला खिडकीची जागा मिळाली नसावी.